हेडसेट घ्यायच्या आधी

तुम्ही विचारलंय, नागपुरात बसून सहा महिन्यांत व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा, आभासी जग दाखवणारा चष्मा) लावून जपानी बोलता येईल का. जपानला जाताना सोबत पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी येणार आहे. व्हिसाची माहिती सरकारी पानांवर आहे, ती सोडतो.

येईल, पण मित्रांशी बोलण्याइतपत. सरकारी खिडकीवरची जपानी वेगळी.

हेडसेट लगेच घेऊ नका. व्हीआरचॅट, म्हणजे आभासी जगात लोकांना भेटून बोलायचं ॲप, साध्या कॉम्प्युटरवरही फुकट चालतं. हिरागाना या मूळ जपानी लिपीची 46 अक्षरं पक्की करा आणि महिनाभर स्क्रीनवरूनच जा. तिथल्या 'ईएन-जेपी लँग्वेज एक्स्चेंज' या वर्ल्डमध्ये, म्हणजे आभासी जागेत, इंग्रजी शिकणारे जपानी लोक भेटतात. जपान साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे त्यांचे रात्रीचे दहा हे आपले संध्याकाळचे साडेसहा. मोठ्या घोळक्यात आवाज एकमेकांत मिसळतात, म्हणून तीन-चार जणांचा कोपरा धरा. 15 मिनिटं इंग्रजी, 15 मिनिटं जपानी असं आधीच ठरवा, नाही तर सगळं बोलणं इंग्रजीतच संपतं. काही जण मुळीच बोलत नाहीत, त्यांना 'मुगोनझेइ' म्हणतात. ते तिथल्या आभासी पेनाने हवेत लिहितात. त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहा, कारण समोरून अक्षरं उलटी दिसतात. हाताने लिहिलेलं वाचायची सवय अशी लागते.

हेडसेटचा खरा फायदा मानेचा आहे: तुम्ही मान हलवली की तुमच्या पात्राचीही हलते. जपानीत ऐकणाऱ्याने मधूनमधून मान हलवत 'उन', 'सोओ देसु ने' म्हणायचं असतं. आपण आदराने गप्प ऐकतो आणि समोरच्याला वाटतं, याला कळलंच नाही. ही सवय पुस्तकातून लागत नाही.

घेतलाच तर डोळ्यांमधलं अंतर मोजून घ्या. मेटा कंपनीच्या क्वेस्ट 3एस या हेडसेटमध्ये भिंगांच्या तीनच जागा आहेत: 58, 63 आणि 68 मिलिमीटर. क्वेस्ट 3 मध्ये चाक फिरवून बारीक जुळवता येतं. अंतर चुकलं की अक्षरं धूसर दिसतात, डोकं दुखतं. पहिले काही दिवस 15-20 मिनिटंच लावा, चालण्याऐवजी उडी मारून जागा बदलण्याची सेटिंग ठेवा, म्हणजे मळमळ कमी होते. उन्हाळ्यात कूलरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तेव्हा म्यूट करून फक्त बोलताना माइक उघडा. हेडसेट खिडकीजवळ ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते.

उच्चारात तुम्ही पुढे आहात. 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूल'मधला च. 'त' मात्र दातांनाच लावा, 'टोकियो' नव्हे, 'तोओक्योओ'. आणि नागपूरकराला 'शितेइरु' शिकवावं लागत नाही, ते आपलं 'करून राहिलो'. 'शिते मिरु' म्हणजे करून पाहणं, 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणं. मराठीतून विचार करा, इंग्रजीतून नको.

आता खिडकी. व्हीआरमध्ये उचललेलं 'ओरे' (रांगडं 'मी') तिथे उद्धट वाटतं. तिथे 'गोकिन्यू कुदासाइ' म्हणतात, म्हणजे 'हे भरा'. मित्र असं कधीच बोलत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा कुणाला तरी कारकून व्हायला सांगा आणि नाव, पत्ता, जन्मतारीख दहा मिनिटं विचारून घ्या. परक्या नावांसाठीच्या काताकाना लिपीत आपलं नाव कसं लिहायचं ते एकदाच ठरवा. प्रकाशचं 'पुराकाशु' होतं. बँकेत एक आणि पगाराच्या कागदावर दुसरं लिहिलं, तर पैसे अडकतात. फॉर्मवरच्या छोट्या चौकोनांत आपलं, वडिलांचं नाव आणि आडनाव मावत नाही, आणि त्या वेळी फार एकटं वाटतं. इतकंच सांगतो.

मुलीविषयी मात्र थांबून सांगायचंय. 'मुलं आपोआप शिकतात' असं सगळे म्हणतात. ऐकू नका. शिकण्याआधी ती महिनोन्महिने वर्गात गप्प असतात आणि घरी आपण नोकरीच्या कागदांत असतो. ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही. व्हीआरचॅटला 13 वर्षांची अट आहे, तिला तिथे नेऊ नका. रोज जेवताना दोन वाक्यं तिच्याशी म्हणा: 'वाकारिमासेन', कळलं नाही, 'तोइरे नि इत्तेमो इइ देसु का', शौचालयाला जाऊ का. तिने ती मोठ्याने, न लाजता म्हणेपर्यंत.