सी ड्राइव्हमधल्या दोन लपलेल्या फाइली

प्रश्न : ताई, माझ्या लॅपटॉपला 128 जीबीची एसएसडी आणि 16 जीबी रॅम आहे. मी भाषांतराचं काम करते, दिवसभर मशीन चालू असतं. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय, जेमतेम 3 जीबी उरलेत. फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले, रिसायकल बिन रिकामा केला, डिस्क क्लीनअप दोनदा चालवलं. शेवटी लपलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग केलं तेव्हा 'हायबरफिल' नावाची 6 जीबीहून मोठी आणि 'पेजफाइल' नावाची 9 जीबीची फाइल सापडली. पुसायला गेले तर 'फाइल वापरात आहे' असं येतं. या दोन्ही कशा काढू?

उत्तर : दोन्ही एकदम काढायला जाऊ नका. शेजारी शेजारी दिसत असल्या तरी त्यांची कामं अगदी वेगळी आहेत. हायबरफिल तुम्ही बहुतेक आजच काढू शकाल. पेजफाइलला मात्र हात लावण्याआधी माझं म्हणणं पूर्ण वाचा, कारण इथे झालेली चूक लगेच दिसत नाही.

आधी हायबरफिल. मशीन 'हायबरनेट' केलं की रॅममध्ये उघडं असलेलं सगळं या फाइलमध्ये लिहिलं जातं आणि वीज पूर्ण तुटते. पुन्हा सुरू केलं की कर्सर होता तिथेच उभा असतो. विंडोज 10 आणि 11 मध्ये या फाइलसाठी साधारण रॅमच्या 40 टक्के जागा आधीच राखून ठेवलेली असते. तुमच्या 16 जीबीचे 40 टक्के म्हणजे 6.4 जीबी, म्हणजे तुमचा आकडा बरोबर जुळतोय. तुम्ही आयुष्यात एकदाही हायबरनेट केलं नसलं, तरी ही जागा अडकलेलीच राहते.

ती हाताने पुसायची नसते. विंडोजला 'ही सोय बंद कर' असं सांगितलं की ते स्वतःच फाइल काढून टाकतं. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. उघडलेल्या काळ्या खिडकीत इंग्रजीत टाइप करा : पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी सलग, मग एक जागा, मग तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळेवरची) आणि तिला चिकटून एच, पुन्हा एक जागा, मग ओ-एफ-एफ. एंटर दाबल्यावर कुठलाही संदेश येत नाही, कर्सर नुसता पुढच्या ओळीवर जातो. यावर 'काहीच झालं नाही' म्हणून फोन करणारे मला दर आठवड्याला भेटतात. सी ड्राइव्हची खिडकी बंद करून पुन्हा उघडा, 6 जीबी परत आलेले दिसतील. पुढे कधी विचार बदलला तर ओ-एफ-एफच्या जागी ओ-एन लिहायचं.

याबरोबर आणखी एक गोष्ट जाते : 'फास्ट स्टार्टअप'. 2012 साली विंडोज 8 बरोबर आलेली ही सोय याच फाइलवर चालते. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरफिलमध्ये लिहून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. रोज रात्री मशीन बंद करूनही टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' आठ-दहा दिवसांचा दिसतो, तो यामुळेच. तुमच्याकडे एसएसडी आहे, त्यामुळे ही सोय गेल्याने सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच. ते सेकंद हवे असतील तर मधला मार्गही आहे. त्याच आज्ञेत ओ-एफ-एफच्या जागी तिरकी रेघ आणि टी-वाय-पी-ई, एक जागा, मग आर-ई-डी-यू-सी-ई-डी लिहा. फाइल रॅमच्या 20 टक्क्यांवर येते, फास्ट स्टार्टअप राहतं, हायबरनेट मात्र जातं. मी तुमच्या जागी असते तर पूर्ण बंद केलं असतं. अर्थात तुम्ही मशीन कसं वापरता यावर ते ठरेल. पुढचं पत्र त्यासाठी जरूर वाचा.

आता पेजफाइल. हीच व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅमला जोड म्हणून वापरलेली डिस्कवरची जागा. कल्पना जुनी आहे : 1962 साली मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस संगणकात छोटी वेगवान मेमरी आणि तिच्या सहापट मोठा, पण संथ, चुंबकीय ड्रम होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. नको ते ड्रमवर, हवं ते वर, ही ने-आण यंत्रच करायचं. तुमच्या लॅपटॉपमध्ये ड्रमची जागा एसएसडीने घेतलीय.

पण पेजफाइलचं काम एवढ्यावर संपत नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज त्याला 'एवढी तुझी' असा शब्द देतं. प्रोग्रॅम ती सगळी वापरतोच असं नाही. पण शब्द पाळता यायला हवा, म्हणून दिलेल्या शब्दांची एकूण बेरीज रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढी जागा आहे, तिच्या पुढे जाऊ दिली जात नाही. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी'. खाली 'कमिटेड' शब्दाजवळ तिरक्या रेघेने जोडलेले दोन आकडे असतात. पहिला दिलेल्या शब्दांचा, दुसरा मर्यादेचा. पेजफाइल शून्य केली की दुसरा आकडा रॅमएवढाच उरतो.

हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी माझ्याही मशीनला 16 जीबी रॅम होती आणि 'एवढी रॅम असताना पेजफाइल कशाला' म्हणून मी ती बंद केली. तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एका दुपारी मोठ्या फाइलचं संपादन चालू असताना प्रोग्रॅम डोळ्यांदेखत नाहीसा झाला. ना सूचना, ना 'सेव्ह करू का' असा प्रश्न. अर्ध्या दिवसाचं काम गेलं. टास्क मॅनेजर पाहिला तर रॅममध्ये जवळजवळ 4 जीबी मोकळी होती! प्रत्यक्ष जागा होती, पण शब्द द्यायला काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही मशीनवर पेजफाइल शून्य करत नाही.

तेव्हा तिचा आकार विंडोजलाच ठरवू द्या. गरज वाढली की ते फाइल वाढवतं, आणि वाढीला डिस्कच्या आठव्या भागाची मर्यादा आहे. 128 जीबीची डिस्क विंडोजच्या मोजणीत 119 जीबी दिसते, म्हणजे तुमच्याकडे ती 15 जीबीच्या पुढे जाणार नाही. 9 जीबी झालीय, याचा अर्थ तुमचं काम तेवढी मागतंय. एक दिवस कामाच्या ऐन भरात 'कमिटेड'चा पहिला आकडा बघा. तो 16 च्या पुढे जात असेल तर ब्राउझरमधले टॅब कमी करणं हाच खरा उपाय.

हायबरफिलचे 6 जीबी सुटल्यावर सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज या वाटेने जाऊन 'टेम्पररी फाइल्स'मध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसतंय का तेही बघा. मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज तिथे राहतं आणि ते या दोन्ही फाइलींपेक्षा मोठं असू शकतं.

प्रश्न : जागा हवी म्हणून एका ओळखीच्यांनी माझं हायबरनेशन बंद करून दिलं. मी लॅपटॉप कधीच शट डाउन करत नाही, नुसतं झाकण मिटते. गेल्या शनिवारी झाकण मिटलं, सोमवारी उघडलं तर मशीन पूर्ण बंद होतं आणि लिहीत असलेली टिपणं गेली होती. या दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि तुमची टिपणं गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. झाकण मिटल्यावर मशीन 'स्लीप'मध्ये जातं. उघडं काम तेव्हा रॅममध्येच असतं, आणि रॅमला ते धरून ठेवायला थोडी का होईना वीज सतत लागते. एरवी बॅटरी तळाला गेली की विंडोज शेवटच्या क्षणी सगळं हायबरफिलमध्ये लिहून घेतं. ती फाइलच नसल्यामुळे दोन दिवसांत बॅटरी संपली आणि रॅम कोरी झाली.

तुमच्यासारखी सवय असेल तर 6 जीबी वाचवण्यात काही अर्थ नाही. वरच्या उत्तरातली आज्ञा ओ-एन लावून द्या. मग कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा, वरच्या निळ्या ओळीवर क्लिक करा आणि खाली 'हायबरनेट'पुढे खूण करा, म्हणजे तो पर्याय स्टार्टच्या पॉवर मेनूत दिसू लागेल. शनिवारी झाकण मिटण्याऐवजी तो वापरा.

प्रश्न : माझ्याकडे आत दुसरी 1 टीबीची हार्ड डिस्क आहे. या दोन्ही फाइली तिकडे हलवता येतील का?

उत्तर : हायबरफिल नाही; ती विंडोजच्याच ड्राइव्हवर लागते. पेजफाइल हलते. रन खिडकीत एस-वाय-एस-डी-एम, टिंब, सी-पी-एल लिहून एंटर करा. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमधलं परफॉर्मन्सचं 'सेटिंग्ज' बटण, पुन्हा 'ॲडव्हान्स्ड', मग 'चेंज'. वरची आपोआप व्यवस्थापनाची खूण काढा. डी (म्हणजे तुमची दुसरी डिस्क; तिचं अक्षर वेगळं असेल तर ते) निवडून 'सिस्टम मॅनेज्ड साइझ' आणि 'सेट'. सी निवडून 'कस्टम साइझ', दोन्ही रकान्यांत 1024, पुन्हा 'सेट'. 'सेट' न दाबता नुसतं 'ओके' केलं तर बदल धरलाच जात नाही, हे विसरू नका. शेवटी रीस्टार्ट. सीवर 1 जीबी ठेवायला सांगतेय, कारण निळा पडदा येऊन मशीन कोसळलं तर त्याची नोंद आधी सीवरच्या पेजफाइलमध्ये उतरते. तुमची दुसरी डिस्क फिरत्या तबकडीची असेल तर रॅम कमी पडताना मशीन जाणवण्याइतकं मंदावेल. सीवर 20-25 जीबी मोकळे असतील तर मी हलवणार नाही.