सोरेंटोचे इंजिन बदलावे की गाडीच बदलावी?

न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे २०१३ सालची, २.४ लिटर जीडीआय इंजिनाची किआ सोरेंटो आहे. २०१७ मध्ये सेकंडहँड घेतलेल्या या गाडीचे आता १,३८,००० मैल झाले आहेत. गेल्या महिन्यात पत्नी आणि दोन मुले गाडीत असताना टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, मधल्या लेनमध्ये इंजिन एकाएकी बंद पडले. त्याआधी काही आठवडे गाडी सुरू करताना आतून ठोकल्यासारखा आवाज येत होता आणि ऑइलचा दिवाही अधूनमधून लागत होता. ऑइल भरल्यावर गाडी पुन्हा चालू झाली असून सध्या मुलांना शाळेत सोडण्यासाठी ती वापरली जाते. ओळखीच्या मेकॅनिकने वापरलेले इंजिन आणून बसवण्याचे ८,२०० डॉलर सांगितले आहेत. गाडी व्यवस्थित चालत असती तर तिचे ५,५०० डॉलर आले असते. आहे तशी विकली तर १,२०० मिळतील. बचत खात्यात १५,००० डॉलर आहेत, घरखर्च महिना ५,२०० आहे आणि सर्व भागून ९०० उरतात. त्यांच्यासमोर तीन मार्ग आहेत : बचतीतून इंजिन बदलणे, साडेसात टक्क्यांनी सहा वर्षांचे कर्ज काढून ३२,००० ची नवी एसयूव्ही घेणे, किंवा भारतातील १२ लाख रुपयांची एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीची) ठेव मोडून कर्जाचा भार हलका करणे. शिवाय मराठी मंडळातील एक परिचित ही गाडी ४,००० डॉलरना घ्यायला तयार आहेत.

आपण मला पैशांचा प्रश्न विचारला आहे, परंतु त्याआधीचा एक प्रश्न आपण सोडवलेला नाही आणि तो आजच सोडवायला हवा. ही गाडी आता चालवू नका, शाळेच्या दोन मैलांसाठीसुद्धा नाही. ठोकल्याचा आवाज, ऑइलचा दिवा आणि चालत्या गाडीत बंद पडलेले इंजिन, ही तिन्ही लक्षणे एकत्र येतात तेव्हा पिस्टनला इंजिनाच्या मुख्य दांड्याशी, म्हणजे क्रँकशाफ्टशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याचा दाट संशय येतो. अशा वेळी ऑइल भरल्याने आवाज काही दिवस दबतो, झीज भरून येत नाही. झिजलेला रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला तर तापलेल्या भागांवर ऑइल सांडून आग लागू शकते. पुढचे दोन-तीन आठवडे भाड्याची गाडी घ्यावी लागली तर खुशाल घ्या. तो खर्च मी वायफळ मानत नाही.

आता पैशांकडे वळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की हा बिघाड दुरुस्त करण्याचे बिल आपले आहे की कंपनीचे, हे ठरेपर्यंत आपण खिशातून एक डॉलरही काढू नये. यामागची पार्श्वभूमी थोडी विस्ताराने सांगतो, कारण आपल्या ८,२०० डॉलरचे भवितव्य तिच्यावरच अवलंबून आहे.

आपल्या गाडीतील इंजिन थीटा टू या मालिकेतील आहे. ही इंजिने ह्युंदाई आणि किआ या दोन्ही भगिनी कंपन्यांनी सोनाटा, सांता फे स्पोर्ट, ऑप्टिमा, स्पोर्टेज आणि सोरेंटो या गाड्यांत वापरली. कारखान्यात क्रँकशाफ्टमधील ऑइलच्या वाटा कोरताना निघालेला धातूचा कीस काही इंजिनांत पूर्ण साफ झाला नव्हता. तो बेअरिंगपर्यंत जाणारे ऑइल अडवतो, बेअरिंग कोरडे पडून घासते, आधी आवाज येतो आणि शेवटी इंजिन जाम होते. ह्युंदाईने २०१५ मध्ये सोनाटाच्या सुमारे ४ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१७ मध्ये ही मोहीम वाढली आणि तीत २०१२ ते २०१४ च्या सोरेंटोही आल्या. हे रिकॉल वेळेवर केले नाहीत म्हणून अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांशी मिळून २१ कोटी डॉलरच्या दिवाणी दंडाचे करार केले. ही माहिती बाहेर आणणाऱ्या, कंपनीतच काम केलेल्या अभियंत्याला पुढे याच यंत्रणेने २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस दिले. दोष गाडी चालवणाऱ्यांचा नव्हता हे यावरून दिसते, आणि डीलरच्या काउंटरपुढे उभे राहताना हे आपल्या मनात पक्के असावे.

आपल्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गाडीमालकांच्या सामूहिक दाव्यात या कंपन्यांशी झालेली तडजोड. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आणि नंतर कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयाने मान्य केलेल्या या तडजोडीनुसार, यादीतील गाड्यांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमुळे इंजिन निकामी झाल्यास शॉर्ट ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य भागावर, आयुष्यभराची वॉरंटी आहे. ती पहिल्या मालकापुरती नाही. खाजगी वापरासाठी सेकंडहँड गाडी घेणाऱ्यालाही ती लागू होते, त्यामुळे आपण २०१७ मध्ये गाडी घेतली हा अडथळा ठरू नये. अट मात्र आहे : नॉक सेन्सरचे सॉफ्टवेअर, ज्याला केएसडीएस म्हणतात, ते गाडीत बसवून घेतलेले असले पाहिजे. बेअरिंग झिजू लागल्याची कंपने हे सॉफ्टवेअर ओळखते, इंजिनाचा दिवा लुकलुकवते आणि वेग मर्यादित करते. आपल्या पत्रात याचा उल्लेख नाही. कंपनीची पत्रे पूर्वीच्या मालकाच्या किंवा आपल्या जुन्या पत्त्यावर गेली असण्याची शक्यता आहे. ज्यांनी सॉफ्टवेअर बसवून घेतले नाही अशांचे दावे डीलर नाकारू शकतात, परंतु तो निर्णय त्यांना लेखी देऊ द्या. आपणच आधी हार मानून मेकॅनिककडे जाऊ नका.

पुढील क्रम नीट पाळा. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, टाकून कोणते रिकॉल बाकी आहेत ते पाहा आणि त्या पानाची प्रत छापून ठेवा. गाडी टो करून किआच्या अधिकृत डीलरकडे न्या. मेकॅनिकला इंजिन उघडू देऊ नका, कारण एकदा इंजिन सुटे झाले की बिघाड मुळात कशाचा होता हे सिद्ध करणे आपल्याला जड जाईल. ऑइल बदलल्याच्या पावत्या जमवा. वॉरंटीत अपवाद आहे तो देखभालीकडे केलेल्या अक्षम्य दुर्लक्षाचा, आणि तो आपल्याला लावला जाऊ नये यासाठी हेच कागद उपयोगी पडतात. पावत्या हरवल्या असतील तर क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट काढा. ऑइल बदलणाऱ्या दुकानांच्या साखळ्यांकडेही गाडीच्या क्रमांकावरून जुनी नोंद अनेकदा सापडते. टर्नपाइकवरील प्रसंगाची तक्रार तारीख, वेग आणि लेनसह एनएचटीएसएकडे नोंदवा. अशा तक्रारींतूनच तपास सुरू होतात, त्यामुळे आपल्या दाव्याचा निकाल काहीही लागो, ही नोंद इतर कुटुंबांसाठीही गरजेची आहे.

आपल्या टाउनहाउसला जोडूनच गॅरेज आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किआने मिळून सुमारे ३३ लाख ७० हजार जुन्या गाड्या वेगळ्याच कारणासाठी परत बोलावल्या, आणि २०१३ ची सोरेंटो त्यांत आहे. ब्रेकच्या हायड्रॉलिक नियंत्रण एककात द्रव गळून शॉर्टसर्किट होऊ शकते आणि बंद करून उभ्या ठेवलेल्या गाडीलाही आग लागू शकते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर, घरापासून दूर उभी करावी अशी सूचना तेव्हाच दिली गेली होती. फ्यूज बदलण्याचे हे काम फुकट होते. ते झाले आहे की नाही याची खात्री होईपर्यंत सोरेंटो गॅरेजमध्ये ठेवू नका. जुन्या गाडीवरचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा काढून हप्ता वाचवावा असा सल्ला मी एरवी देतो, पण ही गाडी आपल्या नावावर आहे तोवर तो चालू ठेवा. आग आणि चोरी त्याच विम्यात येतात, आणि किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या त्या काळच्या किआ गाड्यांच्या चोऱ्या अमेरिकेत किती झाल्या हे आपण जाणताच. यांत्रिक बिघाड मात्र त्या विम्यात येत नाही.

डीलरने वॉरंटी मान्य केली तर इंजिन फुकट बदलून मिळेल आणि आपल्याला घाईने काहीच घ्यावे लागणार नाही. त्या परिस्थितीत गाडी दीड-दोन वर्षे ठेवावी, पण फक्त गावातल्या गावात. हे बंधन इंजिनासाठी नाही. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २०१४ मध्ये मध्यम आकाराच्या एसयूव्हींची पुढच्या कोपऱ्यावरील धडकेची चाचणी जाहीर केली तेव्हा त्या काळच्या सोरेंटोला सर्वांत खालचा, ‘पुअर’ हा दर्जा मिळाला होता. इंजिन नवे बसले तरी गाडीचा सांगाडा तोच राहतो. पत्नीचा रोजचा चाळीस मैलांचा हायवे प्रवास, तोही मुलांसह, या गाडीतून दीर्घकाळ व्हावा असे मला वाटत नाही. या काळात दरमहा ५०० डॉलर वेगळ्या खात्यात टाकले तर दीड वर्षात ९,००० जमतील आणि पुढच्या गाडीचे कर्ज जवळपास अर्धे होईल.

डीलरने नाकारले तर कंपनीच्या ग्राहक विभागाकडे केस क्रमांक घेऊन लेखी अपील करा. तिथेही नकार आला तर न्यू जर्सीच्या स्पेशल सिव्हिल पार्ट न्यायालयात २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, त्या मर्यादेत आपली रक्कम सहज बसते. मात्र पाऊल उचलण्यापूर्वी एखाद्या वकिलाकडून तडजोडीच्या अटी तपासून घ्या. राज्याचा वापरलेल्या गाड्यांचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाड्यांविषयीचा कायदा, सात मॉडेल वर्षांपर्यंतच्या आणि एक लाख मैलांच्या आतील गाड्यांसाठी आहे, त्यामुळे तो आपल्या कामाचा नाही.

स्वखर्चाने ८,२०० डॉलरचे इंजिन बसवणे मला कोणत्याही परिस्थितीत पटत नाही. ५,५०० डॉलरच्या गाडीत तिच्या दीडपट रक्कम जाईल, बचत ६,८०० वर येईल, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याचा घरखर्च उरेल, आणि येणारे इंजिनही वापरलेलेच, बहुधा त्याच मालिकेतले असेल. नवी एसयूव्हीही आत्ता नको. ३२,००० वर ६.६२५ टक्के विक्रीकर धरला तर ३४,१२० होतात. त्यातले सहा हजार रोख भरून उरलेल्या सुमारे २८,००० वर साडेसात टक्क्यांनी सहा वर्षांचा हप्ता ४८४ डॉलरच्या आसपास येतो आणि एकूण व्याज ६,८५० च्या घरात जाते. वाढलेला विम्याचा हप्ता त्यात मिळवला तर आपल्या ९०० डॉलरपैकी बहुतेक रक्कम सहा वर्षांसाठी बांधली जाईल.

वॉरंटीचा मार्ग बंदच झाला तर तीन-चार वर्षे वापरलेली, स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक असलेली, सुमारे १७,००० डॉलरची गाडी घ्यावी. एसयूव्हीच हवी असा आग्रह नसेल तर मोठी सेदानही आपल्या चौघांना पुरेल. सोरेंटो त्याच डीलरला १,२०० ना ट्रेड-इन, म्हणजे नव्या खरेदीच्या बदल्यात, दिली तर न्यू जर्सीत तेवढ्या रकमेवर विक्रीकर लागत नाही, त्यामुळे करासह १६,८५० च्या आसपास द्यावे लागतील. त्यातले १३,००० साडेआठ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर हप्ता ४१० डॉलर बसेल, व्याज १,८०० च्या आत राहील आणि बचतीत अकरा हजारांहून अधिक शिल्लक राहतील. व्याजदर जास्त असूनही हे कर्ज मला हलके वाटते, कारण ते तीन वर्षांत संपते. घेण्यापूर्वी त्या गाडीचाही व्हीआयएन तपासा आणि स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या.

एनआरई ठेवीला हात लावू नका. ती ठेवून सातच महिने झाले आहेत, आणि एक वर्षाच्या आत मोडलेल्या एनआरई ठेवीवर काहीच व्याज मिळत नाही. आपल्या साडेसहा टक्के दराने सुमारे ४५ हजार रुपये बुडतील. ही रक्कम आई-वडिलांच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढल्याचे आपण स्वतःच लिहिले आहे. सहकाऱ्याने सुचवलेले ४०१-के मधील, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातील, कर्जही नको, कारण नोकरी सुटली तर उरलेली रक्कम थोड्या मुदतीत भरावी लागते, नाहीतर तिच्यावर कर आणि बहुधा दंडही लागतो.

मंडळातील परिचितांचे ४,००० डॉलर हा आपल्या यादीतला सर्वांत आकर्षक आकडा आहे हे मला दिसते. तरीही सांगतो, टर्नपाइकवर काय घडले, मेकॅनिकने काय निदान केले आणि कोणते रिकॉल बाकी आहेत हे सर्व कागदांसह त्यांना दाखवल्याशिवाय हा व्यवहार करू नका. त्या गाडीत त्यांचीही मुले बसणार आहेत. वॉरंटीत इंजिन बदलून झाल्यावर, बदलल्याच्या कागदासह, त्यांना ती हवी असेल तर आनंदाने द्या. आजच्या स्थितीत मात्र ती डीलरलाच जाऊ द्या.

डीलरचे लेखी उत्तर आले की ते आणि केएसडीएसची नोंद मला पाठवा. नकाराचे कारण ‘देखभालीचा अभाव’ असे दिले असेल तर पावत्यांच्या प्रतीही सोबत जोडा, म्हणजे अपिलाच्या पत्रात काय लिहायचे ते पाहता येईल.