अंगठा सुजतो, मन खचतं

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय ४८) गाऊट (रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) आहे. युरिक अ‍ॅसिड ८.९. अ‍ॅलोप्युरिनॉल (ते उतरवणारं औषध) सुरू केल्यावर दुखणं उलट वाढलं, म्हणून त्यांनी ते बंदच केलं. दोन महिने चिडचिड करतात, झोपत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत. याचा मनाशी संबंध असतो का?

उत्तर : असतो, आणि दोन्हीकडून. गाऊटचा झटका बहुधा रात्री येतो. अंगठ्याला चादर लागली तरी सहन होत नाही. पुढचा कधी येईल या धास्तीने माणूस प्रवास, लग्नकार्यं टाळू लागतो. मन खचलं की गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की झटके वाढतात. त्यात घरचे म्हणतात, ‘मटण खाल्लंत, भोगा आता!’ हे आधी थांबवा. बहुतेकांत मूत्रपिंडं युरिक अ‍ॅसिड पुरेसं बाहेर टाकत नाहीत, हे मूळ कारण. नुसत्या पथ्याने आकडा जेमतेम एकाने उतरतो. बिअर आणि कलेजी सोडावी. तूरडाळ-पालकावरून रोज वाद नको.

गोळीनंतर दुखणं वाढलं हे त्यांचं खरंच आहे. पातळी उतरू लागली की सांध्यात साठलेले स्फटिक सुटतात आणि झटका येतो. म्हणून १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करून, दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त तपासत, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत ती वाढवतात. सोबत झटके टाळायला ३ ते ६ महिने कमी मात्रेत कोल्चिसिन हे औषध देतात. झटका आला म्हणून चालू गोळी थांबवायची नसते. अंगावर पुरळ उठलं तर मात्र लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं. आता पुन्हा सुरू करायची तीही डॉक्टरांना विचारूनच.

जुनी चिठ्ठी काढून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं होतं का बघा. त्याने झोप उडते, चिडचिड होते; पण कोर्स संपल्यावर सहसा ते ओसरतं. दोन महिने टिकलेली उदासी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. घोरताना श्वास अडकत असेल तर तेही सांगा, गाऊटवाल्यांत हे बरंच आढळतं. जगणं नको झाल्याचं बोलले तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, १४४१६.

प्रश्न : बायपोलर आजारासाठी (मनःस्थितीचे टोकाचे चढ-उतार) लिथियम चालू आहे. गाऊटच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन घेऊ का?

उत्तर : नको. (गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉ. गॅरड लिथियम गाऊटवरच देत!) आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरणं, जुलाब, तोल जाणं दिसलं तर थेट रुग्णालयात जा. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का, तेही डॉक्टरांना दाखवा. ते लिथियमही वाढवतं आणि युरिक अ‍ॅसिडही.