डिगला पत्ता सापडतो, पिंगला नाही: उबुंटूवर डीएनएसचा घोळ नेमका कुठे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नागपुरातलं ऑफिस, उबुंटूचा लॅपटॉप. 'हिशेब.लोकल' हा सर्व्हर विंडोजवाल्यांना उघडतो, तुम्हाला एकदाही नाही. 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन'. पण डिगमध्ये ॲटचं चिन्ह लावून ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरला (नाव सांगितलं की पत्ता देणारं मशीन, १९२.१६८.१.१०) थेट विचारलं की पत्ता लगेच येतो. कंपनीच्या डोमेनखालची आतली नावं सकाळी चालतात आणि दुपारी लाइन (वीज) जाऊन आली की बंद पडतात. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते लिहिलेली फाइल) हाताने ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सर्व्हर, लिहिलं तर रिबूटनंतर ते पुसलं जातं.

हा एक आजार नाही, तीन आहेत. तुम्ही तिघांना एकच गोळी देऊन राहिले, ती म्हणजे ८.८.८.८, आणि त्यातल्या एका आजाराचं कारण तीच गोळी आहे.

(कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच टाकायच्या. रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' नाही, पण रिझॉल्व्हसीटीएल या कमांडीत तो आहे. या एका ई पायी मी स्वतः बराच वेळ घालवला आहे.)

आधी डिग आणि पिंग. डिग हा डीएनएस तपासायचा हत्यार आहे. तो प्रश्नाचं पाकीट बनवतो आणि सरळ नेमसर्व्हरकडे, म्हणजे डीएनएस सर्व्हरकडे, धाडतो. पिंग, एसएसएच, कर्ल, बहुतेक ब्राउझर असं करत नाहीत. ते जीलिबसीला (प्रोग्रामांसाठी नाव शोधून देणारी लिनक्सची लायब्ररी) विचारतात, आणि जीलिबसी /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ उघडून 'होस्ट्स'ची ओळ वाचते. उबुंटू डेस्कटॉपवर ती ओळ साधारण अशी असते: फाइल्स, मग एमडीएनएस४_मिनिमल, मग चौकोनी कंसात नॉटफाउंड=रिटर्न, आणि शेवटी डीएनएस. म्हणजे पत्ता आधी घरच्या डायरीत बघायचा (/ईटीसी/होस्ट्स), मग मोहल्ल्यात हाक मारायची, आणि मगच चौकातल्या पानठेल्यावर विचारायचं. डिग मात्र घरातून निघतो तो थेट ठेल्यावर. म्हणून 'डिग चालतो' एवढ्यावरून तुमच्या प्रोग्रामलाही पत्ता मिळेल असं समजू नका. प्रोग्रामला काय मिळतं ते बघायला 'गेटएंट एहोस्ट्स' आणि पुढे नाव. डिग आणि गेटएंट यांची उत्तरं वेगळी आली, की दोष नेमसर्व्हरच्या अलीकडे, तुमच्याच मशीनमध्ये आहे.

मोहल्ल्यात हाक मारणे ही नुसती उपमा नाही. एमडीएनएस तेच करतं: २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर, पोर्ट ५३५३ वर, 'हिशेब.लोकल कोण आहे रे?' असं सगळ्यांना विचारतं. २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज) '.लोकल' हे टोक याच कामासाठी राखून ठेवलं. तुमच्या सर्व्हरवर त्या हाकेला ओ देणारं काही चालत नाही, म्हणून उत्तर येत नाही. आणि चौकोनी कंसातलं ते नॉटफाउंड=रिटर्न सांगतं, की मोहल्ल्यात कोणी ओ दिली नाही तर पुढे ठेल्यावर जायचं नाही, घरी परत. नावात एकच टिंब असलेल्या .लोकलला हा नियम सहसा लागतो, आणि तुमचं नाव नेमकं तसंच आहे.

तुम्ही म्हणाल, मग ते कलम काढून टाकतो. काढा, पण पुढे दुसरी भिंत आहे. उबुंटूवर डीएनएसची ठेकेदारी सिस्टमडी-रिझॉल्व्हडकडे असते, आणि तोही .लोकलची नावं साध्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवत नाही, जोवर त्या नेटवर्कसाठी ते डोमेन तुम्ही स्वतः नेमून देत नाही. पडताळा सोपा आहे: डिगमधलं ॲट आणि सर्व्हरचा पत्ता काढा आणि नुसतं 'डिग हिशेब.लोकल' करून बघा. आता प्रश्न १२७.०.०.५३ ला जाईल, म्हणजे रिझॉल्व्हडला, आणि बहुधा उत्तर मिळणार नाही. तात्पुरता इलाज म्हणून 'रिझॉल्व्हसीटीएल डोमेन', पुढे इंटरफेसचं नाव, पुढे टिल्ड (~) लावून लोकल, आणि सोबत वर सांगितलेला एनएसस्विचमधला बदल. खरा इलाज मात्र सर्व्हरचं नाव बदलणं हाच आहे. कंपनीचं स्वतःचं डोमेन आहे ना, त्याखाली नाव द्या. तसं नको असेल तर '.इंटर्नल' हे टोक आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) २०२४ मध्ये खाजगी वापरासाठी राखून ठेवलं आहे, ते घ्या. ऑफिसातले लोक कुरकुर करतील. आमच्याकडे सीताबर्डीला कोणी सीताबर्डी म्हणत नाही, बर्डी म्हणतात. आणि व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजचं २००२ साली व्हीएनआयटी झालं तरी जुने ऑटोवाले अजून व्हीआरसीईच म्हणतात, त्यांच्या कॅशला (साठवलेल्या उत्तरांना) टीटीएल, म्हणजे मुदत, नाही. तसं काही दिवस चालेल, मग सवय होईल.

आता सकाळ-दुपारचं कोडं. इथे मी जरा रेंगाळणार, कारण या बाबतीतला एक गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक ऑफिसात भेटतो. लोकांना वाटतं की नेमसर्व्हर दोन लिहिले की पहिल्याला नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारलं जातं. तसं होत नाही. 'असं नाव अस्तित्वात नाही', म्हणजे एनएक्सडोमेन, हे रिझॉल्व्हरच्या दृष्टीने पूर्ण आणि पक्कं उत्तर आहे. ते मिळालं की तो थांबतो. दुसऱ्याकडे तो जातो ते पहिला गप्प राहिला किंवा त्याने 'माझ्याकडून होत नाही' म्हणजे सर्व्हफेल म्हटलं तरच.

तुमच्याकडे काय घडत असावं ते सांगतो. नेटवर्क सेटिंगमध्ये ऑफिसचा सर्व्हर पहिला आणि ८.८.८.८ दुसरा आहे. सकाळी पहिला उत्तर देतो, सगळं ठीक. दुपारी लाइन जाते. तुमचा लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर इन्व्हर्टरवर चालू, आणि ऑफिसचा डीएनएस सर्व्हर काही मिनिटं आडवा. रिझॉल्व्हड दोनदा-तीनदा विचारतो, उत्तर नाही, म्हणून ८.८.८.८ कडे वळतो. लाइन येते, सर्व्हर उठतो, पण रिझॉल्व्हड परत वळत नाही. जो सर्व्हर उत्तर देतोय त्यालाच तो धरून बसतो. गूगलच्या सर्व्हरला तुमच्या ऑफिसची आतली नावं माहीत असायचं कारण नाही. तो इमानदारीने एनएक्सडोमेन सांगतो आणि तुमचं काम थांबतं. बाहेरच्या साइट उघडत असतात, म्हणून 'इंटरनेट तर चालू आहे' असं म्हणून सगळे डोकं खाजवतात.

खात्री करायची तर पुढच्या वेळी बंद पडलं की रिबूट करू नका. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवा आणि 'करंट डीएनएस सर्व्हर' ही ओळ बघा. तिथे ८.८.८.८ दिसलं तर मी बरोबर. एका इंटरफेसवर लिहिलेले सगळे सर्व्हर रिझॉल्व्हडच्या लेखी सारखेच असतात, त्यात मुख्य आणि राखीव असा भेद नाही. म्हणून तिथे असेच सर्व्हर लिहा ज्यांना सारखंच ज्ञान आहे. ऑफिसचा एकच असेल तर एकच लिहा. बाहेरची नावं तो स्वतः पुढे विचारून आणेल, ते त्याचं काम. जास्त काळजी असेल तर त्याला इन्व्हर्टरवर घ्या.

तिसरा आजार सोपा आहे. तुमच्या मशीनवरची रिझॉल्व्ह.कॉन्फ ही खरी फाइल नाही, ती /रन/ मधल्या स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फकडे बोट दाखवणारी लिंक आहे. 'एलएस -एल' केलं की बाण दिसेल. /रन/ मेमरीत असतं, रिबूटला नव्याने बनतं, आणि तुमचा बदल त्याच्यासोबत जातो. बदल करायचाच तर नेटवर्कमॅनेजरला सांगा: 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', कनेक्शनचं नाव, 'आयपीव्ही४.डीएनएस' पुढे ऑफिसचा पत्ता, आणि 'आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस'. मग 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' आणि तेच नाव.

कोणीतरी तुम्हाला सांगेल, लिंक उडवून साधी फाइल ठेव आणि 'सीएचॲटर +आय' मारून तिला कुलूप लाव. मी लावलं होतं. घरी मस्त चाललं. मग अमरावतीला एका हॉटेलात वायफायचं लॉगिन पान उघडेना, कारण लॉगिन होईपर्यंत त्यांचं नेटवर्क बाहेरच्या ८.८.८.८ पर्यंत जाऊच देत नव्हतं, आणि माझा लॅपटॉप त्यांच्या डीएनएसचं नाव ऐकायला तयार नव्हता. रूटने (सगळे अधिकार असलेलं खातं) फाइल बदलायला गेलो तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. रूटला परवानगी नाही! मीच लावलेलं कुलूप मला आठवायला अर्धा तास लागला. लिंक उडवून बसला असाल तर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस'मध्ये मोड 'फॉरिन' दिसेल. लिंक परत बनवा.

तुम्ही विचारलं नाही, पण धंतोलीतल्या एका लॅबचा किस्सा सांगतो, कारण लक्षण ओळखीचं वाटेल. तिथे डेबियनचं मशीन आहे, रिझॉल्व्हड नाही, जीलिबसी थेट राउटरला विचारते. एक स्क्रिप्ट प्रत्येक रिपोर्टसाठी नवा कर्ल चालवून तो वर चढवते. मे महिन्यात तक्रार आली, प्रत्येक रिपोर्टला वेळ लागून राहिला. सगळ्यांचा निकाल एकच: उन्हाळा आहे, राउटर तापून राहिला. त्याच्यापुढे कूलर लावून झाला होता, खरंच. मी घड्याळ लावलं तर उशीर दर वेळी पाच सेकंदांचा. तापलेलं यंत्र इतकं शिस्तीत वागत नाही. पाच सेकंद हा जीलिबसीचा ठरलेला टाइमआउट आहे, म्हणजे कुठेतरी एक उत्तर हरवत होतं.

'टीसीपीडंप -एनआय एनी पोर्ट ५३' लावलं आणि चित्र समोर आलं. जीलिबसी एकाच सॉकेटवरून दोन प्रश्न लागोपाठ पाठवते, एक आयपीव्ही४ च्या पत्त्यासाठी आणि एक आयपीव्ही६ च्या. राउटर पहिल्याचं उत्तर देत होता आणि दुसरा गिळत होता. मग पाच सेकंद शांतता, मग पुन्हा प्रश्न, मग उत्तर. सतत चालणारा प्रोग्राम एकदा ठेच खाऊन पुढे प्रश्न एकेक करून विचारू लागतो, पण इथे प्रत्येक रिपोर्टला कर्ल नवा, त्यामुळे ठेचही नवी. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये 'ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' ही एक ओळ टाकली आणि उशीर गेला. कूलर मात्र राउटरपुढेच राहिला, तो हलवायला कोणी तयार नव्हतं.

सांगायचं कारण असं, की उशीर मोजून बघा. बरोबर पाच किंवा दहा सेकंद असेल तर पाकीट हरवतंय किंवा यादीतला पहिला सर्व्हर मेलेला आहे. जीलिबसी त्या मेलेल्याचं दार दर वेळी नव्याने ठोठावते. तत्काळ एनएक्सडोमेन येत असेल तर चुकीच्या माणसाला विचारताय. आणि सर्व्हफेल येत असेल, त्यातही डीएनएससेक (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या) तपासणारा स्वतःचा डीएनएस सर्व्हर, अनबाउंड वगैरे, चालवत असाल, तर आधी 'डेट' कमांड मारा. जुन्या मशीनचा सेल संपून तारीख मागे गेली की सह्या 'अजून लागू नाहीत' ठरतात आणि नावं मिळत नाहीत. आणि नाव मिळत नाही म्हणून वेळ दुरुस्त करणारा सर्व्हरही सापडत नाही. तारीख एकदा हाताने लावावी लागते.

ब्राउझरात चालतं आणि टर्मिनलवर नाही, किंवा उलट, असं दिसलं तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू आहे का बघा. तो चालू असला की ब्राउझर मशीनचं काहीच न ऐकता स्वतःच्या सर्व्हरला एचटीटीपीएसवरून विचारतो, आणि ऑफिसची आतली नावं त्यालाही माहीत नसतात. तपासताना मध्येमध्ये 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस' करत राहा, नाही तर मघाशी मिळालेला नकारच पुन्हा ऐकू येईल. 'नाही' हे उत्तरसुद्धा काही काळ कॅशमध्ये राहतं.

पुढच्या वेळी लाइन जाऊन आल्यावर, काहीही न बदलता, तीन गोष्टींचं आउटपुट इथे टाका: रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस, एनएसस्विचमधली होस्ट्सची ओळ, आणि बंद पडलेल्या एका नावावर डिग व गेटएंट दोन्ही. कंपनीचं खरं डोमेन तेवढं खोडून टाका.