युरोपियन स्टडीज घेऊ का? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मला डिग्रीला युरोपियन स्टडीज घ्यायचंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले हे धड इतिहास नाही, धड पॉलिटिकल सायन्स नाही, भाषेची डिग्रीपण नाही, सगळ्याची नुसती चव घ्यायची आणि पोट कशानेच भरायचं नाही. खरंय का हे? आणि इंटरडिसिप्लिनरी म्हणजे नक्की करतात काय, चार विषयांचे चार पेपर आणि झालं?
— गोंधळलेला

उत्तर : बाबांचं अगदीच चूक नाहीये रे. काही ठिकाणी हा कोर्स खरंच तसा असतो, सोमवारी युरोपचा इतिहास, मंगळवारी ईयूच्या (म्हणजे युरोपियन युनियनच्या) संस्था, बुधवारी फ्रेंच व्याकरण, आणि शिकवणाऱ्या तिघांनी एकमेकांचा सिलॅबस उघडूनपण बघितलेला नसतो. मग तीन वर्षांनी माहिती भरपूर जमते पण तिचं करायचं काय ते कळत नाही. जिथे हा विषय नीट शिकवतात तिथे उलटं चालतं, आधी एक प्रश्न समोर ठेवतात आणि मग त्याला कुठले कुठले विषय लागतात ते बघतात.

एक उदाहरण सांगते, जरा लांबेल. बेल्जियममध्ये ल्युव्हन नावाचं गाव आहे, तिथली कॅथलिक युनिव्हर्सिटी १४२५ सालची. गाव फ्लँडर्समध्ये म्हणजे डच बोलणाऱ्या भागात, पण युनिव्हर्सिटीत शिकवणं फ्रेंच आणि डच दोन्हीत चालायचं. १९६२-६३ मध्ये देशात भाषेची सीमा कायद्याने आखली गेली आणि लोक विचारायला लागले, की आमच्या भागात हा फ्रेंच विभाग कशाला, त्यांचे प्रोफेसर, त्यांची कुटुंबं, त्यांच्या शाळा, उद्या ब्रसेल्ससारखं हेही गाव फ्रेंच होईल. १९६८ च्या सुरुवातीला फ्रेंच विभागाने ल्युव्हनमध्येच वाढायचा प्लॅन मांडला आणि ठिणगी पडली. 'वालून लोक बाहेर' (वालून म्हणजे बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातले, त्या भागाचं नाव वालोनिया) अशा घोषणा देत विद्यार्थी रस्त्यावर आले, फेब्रुवारीत देशाचं सरकार पडलं, आणि शेवटी युनिव्हर्सिटीचे दोन तुकडे झाले. फ्रेंच तुकड्यासाठी भाषेच्या सीमेपलीकडे लुव्हँ-ला-नव नावाचं आख्खं नवं गाव बांधलं. लायब्ररीपण वाटली, आणि कशी तर पुस्तकांच्या नंबरावरून, सम एकीकडे विषम दुसरीकडे! बरं ही लायब्ररी १९१४ ला जर्मन सैन्याने जाळलेली, परत उभी केली तर १९४० ला परत जळाली, आणि दोन महायुद्धांतून उरलं ते मग घरच्यांनीच वाटून घेतलं.

आता हे एका विषयात बसवून दाखव बघू. इतिहास सांगेल की १८३० ला देश झाला तेव्हा कारभार, कोर्ट, वरचा वर्ग सगळं फ्रेंचमध्ये होतं आणि डचला कायद्यात बरोबरीचं स्थान मिळायला १८९८ उजाडलं. पण मग भडका १९६८ लाच का? तिथे अर्थशास्त्र येतं, कारण वालोनियाच्या कोळसा-पोलादाला तोवर उतरती कळा लागली होती आणि फ्लँडर्सकडे पैसा यायला लागला होता, ज्यांना इतकी वर्षं खालचं समजलं त्यांच्या हातात आता ताकद होती. पुढे काय झालं ते पॉलिटिकल सायन्सवाल्याला विचारायचं, मोठे पक्ष एकेक करत भाषेवर फुटले, १९९३ ला देश संघराज्य झाला, २०१०-११ मध्ये तर निवडणुकीनंतर सरकार बनवायला ५४१ दिवस लागले. आणि त्या वेळच्या डच पेपरात काय छापून येत होतं आणि फ्रेंच पेपरात काय, हे वाचल्याशिवाय दोन्ही बाजूंना एवढं लागलं का ते कळतच नाही, म्हणून भाषा. इंटरडिसिप्लिनरी म्हणजे हे. विषय चार आहेत म्हणून चार पेपर नाही, एकाने भागत नाही म्हणून दुसरा उघडायचा.

त्यामुळे कॉलेज निवडताना ब्रोशरमधले किल्ल्यांचे फोटो सोड आणि तीन गोष्टी बघ. भाषा कंपल्सरी आहे का आणि कुठल्या लेव्हलपर्यंत नेतात. वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे लोक मिळून एखादा सेमिनार घेतात का. आणि एक सेमिस्टर किंवा वर्ष दुसऱ्या देशात राहायला मिळतं का. नावं सारखी असली तरी कोर्स सारखे नसतात, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचा युरोपियन स्टडीज इंग्लिशमध्ये आहे आणि तिथे छोट्या गटांत प्रॉब्लेम घेऊन चर्चा करत शिकवतात, तिथल्याच ग्रोनिंगेनला भाषा आणि संस्कृती मध्यभागी, लंडनच्या यूसीएलचा कोर्स चार वर्षांचा कारण एक वर्ष परदेशात जातं. तुला लोकांसमोर तोंड उघडायला आवडत नसेल तर मास्ट्रिक्टसारख्या ठिकाणी पहिले काही महिने जड जातील, आत्ताच सांगून ठेवते.

प्रश्न : माझं जर्मन बी-वन झालंय. मेजरसाठी दुसरी भाषा घ्यायचीय, फ्रेंच घेऊ की काहीतरी हटके, पोलिश किंवा हंगेरियन? मैत्रीण म्हणते कशाला मरतेस, तिकडे आता सगळं इंग्लिशमध्येच चालतं.
— द्विधा मनःस्थितीत

उत्तर : आधी जर्मन पूर्ण कर बाई. बी-वन म्हणजे प्रवासात अडत नाही, ओळखीच्या विषयावर गप्पा होतात, पण अग्रलेख, संसदेतलं भाषण, कोर्टाचा निकाल हे वाचायला गेलीस की दर दुसऱ्या ओळीला डिक्शनरी. या अभ्यासात भाषेचा खरा उपयोग तिथेच असतो त्यामुळे निदान पुढची लेव्हल बी-टू, जमलं तर त्याच्याही पुढची सी-वन. अर्धवट तीन भाषांपेक्षा एक पक्की केव्हाही बरी, हे माझं ठाम मत आहे आणि यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत.

मैत्रिणीचं अर्धंच खरं. ईयूच्या अधिकृत भाषा २४ आहेत, कायदे सगळ्या भाषांत निघतात आणि प्रत्येक भाषेतला मजकूर तितकाच अधिकृत. युरोपियन कमिशन म्हणजे ईयूचा कारभार बघणारं मंडळ, त्याचं रोजचं काम इंग्लिश, फ्रेंच, जर्मन या तिघींत आणि त्यातही इंग्लिशच जास्त हे बरोबर. पण लक्झेंबर्गच्या ईयू कोर्टात जज लोकांची आपसातली चर्चा फ्रेंचमध्ये होते. आणि गंमत बघ, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, इंग्लिश मात्र राहिली, आता ईयूत ती अधिकृत भाषा असलेले देश म्हणजे आयर्लंड आणि माल्टा.

कायदा किंवा संस्थांकडे ओढा असेल तर फ्रेंच, त्यात फार विचार करू नकोस. २००४ ला एकदम दहा देश आत आले, त्यात पोलंड आणि हंगेरीपण होते, आणि तिकडचं राजकारण मूळ भाषेत वाचणारी बाहेरची माणसं अजूनही कमीच आहेत, त्यामुळे पूर्वेकडच्या भाषेला किंमत आहे. पोलिश स्लाव्हिक, ती आली की चेक, स्लोव्हाक थोडं थोडं ओळखीचं वाटायला लागतं. हंगेरियनचं तसं नाही, शेजारच्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं नाही, लांबची नातेवाईक फिनिश आणि एस्टोनियन आणि त्यांचाही शिकताना काडीचा उपयोग होत नाही. पण १९२० च्या ट्रियानोन तहात हंगेरीची साधारण दोनतृतीयांश जमीन गेली ती जखम तिथल्या आजच्या भाषणांतपण कशी येत राहते, हे तुला स्वतः ऐकायचं असेल तर घे हंगेरियन. नुसती हटके म्हणून घेशील तर दुसऱ्या सेमिस्टरला सोडशील.

प्रश्न : युरोपियन स्टडीज म्हणजे फक्त ईयूच ना? मग स्वित्झर्लंड, नॉर्वे, युक्रेन सिलॅबसमध्ये नसतात का?

उत्तर : असतात, नसतील तर तो कोर्स घेऊ नका. ईयूत २७ देश आहेत पण स्ट्रासबर्गची कौन्सिल ऑफ युरोप ही वेगळी संस्था आहे, १९४९ ची, तिच्यात ४६ देश, तुम्ही विचारलेले तिन्ही आणि शिवाय ब्रिटन, तुर्कस्तानपण. रशियाला २०२२ मध्ये काढलं. मानवी हक्कांचं कोर्ट या संस्थेचं, ईयूचं नाही. ईयूचं लक्झेंबर्गला. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत निम्मे मार्क इथेच जात असतील. त्यात निळ्या झेंड्यावरचं बारा ताऱ्यांचं वर्तुळपण मुळात कौन्सिल ऑफ युरोपचं, १९५५ पासूनचं, ईयूवाल्यांनी ऐंशीच्या दशकात तेच घेतलं, त्यामुळे टीव्हीवर झेंडा बघून कुठली संस्था ते ओळखायला जाऊ नका.

प्रश्न : हे शिकून ब्रसेल्सला नोकरी लागते का? माझ्याकडे ईयूच्या कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही. कृपया खरं सांगा, मोटिव्हेशन नको.

उत्तर : खरं सांगायचं तर ईयूच्या संस्थांमध्ये कायम अधिकारी व्हायला सर्वसाधारणपणे सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, ते नसेल तर तो दरवाजा जवळजवळ बंद धरा. कमिशनची ब्लू बुक नावाची ट्रेनीशिप आहे, पाच महिन्यांची, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये बॅच सुरू होते, पगारी असते, त्यात बाहेरच्या देशांसाठीपण थोड्या जागा असतात. पण रांग मोठी.

बाकी ब्रसेल्समध्ये ईयूच्या संस्थांच्या आजूबाजूला थिंक टँक, एनजीओ, कंपन्यांच्या संघटना, दूतावास, पत्रकार असं मोठं जग आहे, तिथे नागरिकत्वाची अट असेलच असं नाही, पण व्हिसाची कटकट आहेच आणि भाषा बघतातच. आणि खूपसं काम ब्रसेल्सबाहेर आहे ज्याकडे कोणी बघत नाही. जीडीपीआर, म्हणजे लोकांची खाजगी माहिती कशी वापरायची याचा ईयूचा नियम, २५ मे २०१८ ला लागू झाला आणि युरोपात गिऱ्हाईक असलेल्या जगभरच्या कंपन्यांना तो नियम समजावून सांगणारी माणसं शोधावी लागली. तसे नियम सतत येत राहतात. नियम कुठून आला, कोणी अडवला, कशासाठी बदलला हे ज्याला वाचता येतं त्याला काम मिळतं, फक्त जाहिरातीत युरोपियन स्टडीज असं लिहिलेलं सापडणार नाही. नुसत्या बॅचलर्सवर अवघड आहे. पुढे मास्टर्स करायचं तर बेल्जियममधल्या ब्रूजचं कॉलेज ऑफ युरोप बघा, तेही १९४९ चं, किंवा इरास्मस मुंडसचे जॉइंट कोर्स ज्यात दोन-तीन देशांतल्या युनिव्हर्सिट्या मिळून शिकवतात आणि स्कॉलरशिप बाहेरच्यांनापण मिळते.

प्रश्न : माझी मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. थीसिसचा विषय तिने 'युरोपियन आयडेंटिटी' घेतलाय, गाईड म्हणतात फार मोठा आहे, ती म्हणते गाईडना काही कळत नाही. घरात रोज हाच विषय. तिला इटालियन चांगलं येतं, जर्मन कामापुरतं.
— एक आई

उत्तर : गाईडना कळतंय हो. युरोपियन आयडेंटिटीवर थीसिस म्हणजे साठ पानं भरतात आणि हाताला काही लागत नाही. तिला म्हणावं एक जागा पकड. आणि इटालियन-जर्मन येणाऱ्या मुलीला जागा शोधायला लांब जायला नको, साउथ टिरोल घे म्हणावं. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलेला, जर्मन बोलणारा डोंगराळ प्रांत. मुसोलिनीच्या काळात गावांची नावं इटालियन केली, जर्मन शाळा बंद केल्या, १९३९ मध्ये हिटलर-मुसोलिनी करारात लोकांना सांगितलं की जर्मनीत जा नाहीतर इटालियन होऊन राहा. १९४६ ला ऑस्ट्रिया-इटली करार झाला, तो नीट पाळला नाही म्हणून भांडण युनोपर्यंत गेलं, मधे बॉम्बस्फोट झाले, १९७२ ला नवी स्वायत्तता आली आणि १९९२ ला दोन्ही देशांनी भांडण मिटलं असं जाहीर केलं. आज तिथे सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात वाटतात, म्हणजे माणसाला मी जर्मन, इटालियन की लादिन (तिथली तिसरी, छोटी भाषा) हे जाहीर करावं लागतं. आता ज्याची आई जर्मन बोलणारी आणि वडील इटालियन त्याने काय लिहायचं? हा प्रश्न साठ पानांत मावतो.

सुरुवात कशी करायची तर साउथ टिरोलचं मुख्य शहर बोल्झानो, तिथले दोन पेपर घ्यायचे, जर्मनमधला डोलोमिटेन आणि इटालियनमधला आल्तो आदिजे, शाळांचा एखादा वाद निवडायचा (तिथे जर्मन आणि इटालियन शाळा वेगवेगळ्या आहेत, एकत्र कराव्यात का यावर वाद होत असतात) आणि त्याच आठवड्यात दोघांनी काय छापलं ते शेजारी शेजारी ठेवायचं. जर्मन कामापुरतं आहे म्हणता तर डोलोमिटेनला वेळ लागेल, पण पेपरची भाषा आठ-दहा लेख वाचले की सरावते. मग स्वायत्ततेचा कायदा, मग इतिहास, या क्रमाने. टायटलमध्ये तिला 'आयडेंटिटी' हवंच असेल तर ठेवू दे, खाली प्रांताचं नाव आणि साल लिहिलं की गाईड काही बोलणार नाहीत.