भाजणीचं पाकीट आणि गूगल फॉर्म

थालीपीठाच्या भाजणीची पाकिटं विकायची म्हणून लोकांचं मत विचारणारा गूगल फॉर्म तयार केलात, पण पाठवायची घाई नको. फॉर्म, मुलाखत की निरीक्षण हे नंतर. उत्तर मिळाल्यावर कोणता निर्णय बदलणार आहे, ते आधी एका ओळीत लिहून काढा.

पाकीट पाव किलोचं की अर्ध्याचं? मग लोकांना विचारूच नका. संध्याकाळी किराणा दुकानात उभे राहा, गिऱ्हाईक काय उचलतं ते बघा. कोणतं पाकीट पडून राहतं हे दुकानदाराला पाठ असतं.

घरी भाजणी का होत नाही, हे मात्र निवांत गप्पांतूनच कळतं. आठ-दहा जणींशी बोललात की तीच उत्तरं फिरून यायला लागतात. फॉर्म त्यानंतर, कारण पर्याय काय द्यायचे ते तेव्हाच समजतं. आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, तिथे सगळे 'छान' म्हणतात!

मोठ्या आकड्याने हुरळू नका. कोका-कोलाने १९८५ मध्ये नवी चव आणण्याआधी जवळपास २ लाख लोकांना चाखायला दिली. अधिक जणांनी तीच पसंत केली, तरी तीन महिन्यांच्या आत जुनी परत आणावी लागली. घोटभर चाखण्यातून जुनी चव बंद झाल्याचा राग मोजता येत नाही.

खाण्यावरच्या घरखर्चाचे आकडे तर गोळाच करू नका. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणात अडीच लाखांहून जास्त कुटुंबं आहेत, अहवाल फुकट मिळतो.