श्रोत्याने पुस्तक वाचलेलं नसतं : रेडिओ मुलाखतींविषयी वाचकांचे प्रश्न

रेडिओवर लेखक आणि अभिनेते यांच्याशी त्यांच्या कामाबद्दल कसं बोलावं, याविषयी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. तंत्राचे प्रश्न बरेच होते. तेही घेतले आहेत, पण सुरुवात तयारीपासून करतो, कारण बहुतेक मुलाखती माइक सुरू होण्याआधीच फसलेल्या असतात.

प्रश्न : एका कथेतर पुस्तकाच्या लेखिकेची अर्ध्या तासाची मुलाखत घ्यायची आहे. पुस्तक चारशे पानांचं, हातात चार दिवस. पूर्ण वाचायलाच हवं का? आणि वाचताना नोंदी कशा काढायच्या?

पूर्ण वाचा. तासाला चाळीस पानं धरली तरी दहा तासांचं काम आहे, चार दिवसांत सहज होतं. खरोखर एकच रात्र हातात असेल तर प्रस्तावना, शेवटचं प्रकरण, ऋणनिर्देश, टिपा आणि मधलं कुठलंही एक प्रकरण अक्षरन् अक्षर वाचा. मग फक्त तेवढ्यावरच प्रश्न विचारा. न वाचलेल्या भागावर मोघम प्रश्न टाकला की लेखकाला ते पहिल्या मिनिटात कळतं आणि तिथून पुढे तोही मोघमच बोलतो.

ऋणनिर्देश आणि टिपा आधी वाचाव्यात असं आम्ही आवर्जून सांगू. माहिती कुठून मिळाली, कोण बोललं, कुठल्या कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागले, हे तिथे असतं. मुलाखतीतला अर्धा ऐवज बहुतेक वेळा तिथूनच निघतो.

वाचताना समासात तीनच खुणा करा. जिथे ‘हे यांना कसं कळलं?’ असं मनात आलं तिथे एक. जिथे एखादा माणूस, वस्तू किंवा जागा नुसतं ऐकूनही डोळ्यांसमोर उभी राहील तिथे दुसरी. जिथे पटलं नाही किंवा पुरावा लंगडा वाटला तिथे तिसरी. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि आठवेल ते पाच ओळींत लिहा. श्रोत्यालाही साधारण तेवढंच लक्षात राहणार आहे, म्हणून मुलाखतीचा सांगाडा त्या पाच ओळींवर रचा.

वेळेचा हिशोब असा : अर्ध्या तासातून ओळख, संगीत आणि समारोप वजा जाता पंचवीस मिनिटं उरतात. एक चांगलं उत्तर दोन मिनिटांचं, त्याआधीचा प्रश्न पंधरा-वीस सेकंदांचा. म्हणजे दहा-अकरा प्रश्न. पंधरा लिहून ठेवा, पण मुद्दे तीन किंवा चारच घ्या. सात मुद्दे घेतले की प्रत्येकावर एकेक सर्वसाधारण वाक्य मिळतं आणि वेळ संपतो.

‘हे पुस्तक लिहावंसं का वाटलं?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. त्याचं उत्तर लेखिकेने मलपृष्ठावर दिलेलं असतं आणि प्रत्येक कार्यक्रमात पाठ म्हटलेलं असतं. पहिल्या खुणेकडे जा. समजा पुस्तक एका जुन्या आगीबद्दल आहे आणि ११२व्या पानावर दोन साक्षीदारांच्या वेळा जुळत नाहीत. मग प्रश्न असा करता येईल : ‘पहारेकरी म्हणतो आग दोन वाजता लागली, समोरची बाई म्हणते चार वाजता. तुम्ही त्या बाईंवर विश्वास ठेवलात. कशावरून?’ एवढ्यात श्रोत्याला घटना कळली, पेच कळला, आणि लेखिकेला तिचं खरं काम सांगावं लागलं. पानाचा क्रमांक मात्र आपल्या कागदावरच राहू द्या. ‘तिसऱ्या प्रकरणात तुम्ही म्हणता’ असं ज्याच्या हातात पुस्तक नाही त्याला ऐकवून काही मिळत नाही.

ही पद्धत ऐकून शिकायची असेल तर स्टड्स टर्केल यांच्या मुलाखती शोधा. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर त्यांनी १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षं कार्यक्रम केला. खुणांनी भरलेली प्रत घेऊन ते बसत आणि लेखकाचंच वाक्य त्याला वाचून दाखवून पुढे विचारत. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की लेखक आधी थोडा थबकतो आणि मग त्याच्या मागची गोष्ट सांगू लागतो.

लेखिकेकडून उतारा वाचून घेणार असाल तर सव्वाशे-दीडशे शब्दांचा घ्या, मिनिटभर होतो. सोळा पॉइंटच्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि स्टेपल करू नका. पान उलटल्याचा आवाज माइकमध्ये शब्दाइतकाच मोठा येतो. श्रोत्याला एका उत्तरात एकच आकडा पेलतो. लेखिका टक्केवारीच्या रांगा लावू लागली तर ‘म्हणजे दर दहा माणसांमागे किती?’ असं मध्येच विचारा, त्यात उद्धटपणा नाही. पुस्तकात हयात व्यक्तीवर आरोप असेल तर तो भाग थेट प्रक्षेपणात घेऊ नका. ‘पुस्तकात असं म्हटलंय’ एवढं म्हणून सुटका होत नाही, आरोप पुन्हा उच्चारणाराही कायद्याने अडचणीत येऊ शकतो. आधी ध्वनिमुद्रण करा, केंद्राच्या कायदा सल्लागाराला ऐकवा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू मागवा.

प्रश्न : नवा सिनेमा येतो तेव्हा अभिनेत्यांबरोबर जेमतेम दहा मिनिटं मिळतात. सगळीकडे दिलेली तीच उत्तरं आम्हालाही मिळतात. काय बदलावं?

त्या दिवशी तो माणूस सकाळपासून एकामागून एक मुलाखती देतो आहे. ‘भूमिकेची तयारी कशी केली?’ असं विचारलं की त्याच्या तोंडून तयार उत्तर आपोआप बाहेर पडतं. यात त्याचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. ज्या प्रश्नाला तयार उत्तर असूच शकत नाही असा विचारा. त्यासाठी सिनेमा पाहताना एका प्रसंगातली एक कृती टिपून ठेवा.

उदाहरणार्थ : ‘जिन्यावरच्या प्रसंगात आई तुमच्याशी बोलतेय, तुम्ही बूट घालताय, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तुम्ही नाडी तीनदा सोडून पुन्हा बांधता. ते कुठून आलं?’ श्रोत्याला प्रसंग दिसला, आणि अभिनेत्याला त्या दिवशीचा सेट आठवला. ‘हे संहितेत होतं की तुम्ही सुचवलंत?’ असा पर्याय देऊ नका. दोन पर्याय दिले की माणूस एक उचलतो आणि थांबतो. ‘कुठून आलं’, ‘काय बदललं’, ‘मग काय केलंत’ हे छोटे प्रश्न जास्त देतात.

रेडिओवर आवाजाचं काम सगळ्यात चांगलं उलगडतं. बोलीचा लहेजा कसा बसवला, वय वाढलेलं दाखवताना श्वास कुठे घेतला, हे विचारा आणि एक ओळ दोन्ही प्रकारे म्हणून दाखवायला सांगा. ओरडून म्हणायची असेल तर आधी कळवायला सांगा, तो माइकपासून हातभर मागे सरकेल आणि आवाज फाटणार नाही. सिनेमा क्रमाने चित्रित होत नाही, त्यातूनही प्रश्न निघतो : शेवटचा निरोप आधी आणि पहिली भेट नंतर चित्रित झाली असेल तर मधलं नातं मनात कसं धरून ठेवलं? नाटकातल्या नटाला पहिल्या आणि पन्नासाव्या प्रयोगात काय बदललं ते विचारा. एखाद्या हशाची जागा सरकलेली असते, आणि ती का सरकली हे नट फार नेमकं सांगू शकतात. ‘कुठली तयारी शेवटी कामाला आली नाही?’ हा प्रश्नही बहुधा रिकामा जात नाही.

दहा मिनिटांत सगळ्यात चांगला प्रश्न पहिला ठेवा. राखून ठेवलेला प्रश्न हमखास राहून जातो, कारण सातव्या मिनिटाला प्रसिद्धीवाले दारात उभे असतात.

सिनेमातला तुकडा वाजवायचा असेल तर वीस ते चाळीस सेकंदांचा घ्या. त्यात दोनच माणसं असावीत, त्यांचे आवाज एकमेकांपासून ओळखू यावेत, आणि मागे संगीत दाटलेलं नसावं. पडद्यावर उत्तम वाटणारे बरेच प्रसंग केवळ नजरांवर चालतात आणि रेडिओवर नुसती शांतता वाजते. म्हणून डोळे मिटून ऐका आणि मगच निवडा. वितरकाची परवानगी लेखी घ्या. काही अभिनेत्यांना स्वतःचं काम ऐकवत नाही, म्हणून तुकडा वाजताना हेडफोन काढायचा आहे का, हे आधीच विचारा.

प्रश्न : पाहुणे प्रश्न आधी मागतात. द्यावेत का?

विषय द्या, प्रश्न देऊ नका. लिहून आणलेलं उत्तर वाचताना आवाज सपाट होतो आणि श्रोत्याला ते लगेच ओळखू येतं. अपवाद तारीख किंवा आकडा शोधून ठेवावा लागेल अशा प्रश्नांचा, ते कळवणं योग्यच. खासगी आयुष्याबद्दल धास्ती असेल तर अमेरिकेतल्या रेडिओ मुलाखतकार टेरी ग्रोस यांची पद्धत घ्या : प्रश्न फार खासगी वाटला तर तसं सांगा, मी पुढे जाईन, असं त्या पाहुण्याला सुरुवातीलाच सांगतात. राजकारण्यांना मात्र ही सवलत नसते. पाहुणा निर्धास्त झाला की उलट जास्त बोलतो.

प्रश्न : पाहुणे दुसऱ्या गावात असतात. फोनवर ध्वनिमुद्रण केलं की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. स्टुडिओ नसताना काय करावं?

साधा फोन माणसाच्या आवाजातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा पोचवतो. खालचा भरदारपणा जातो, वरची ‘स’ आणि ‘श’ची धार जाते. नंतर कुठलंही यंत्र लावून ती परत येत नाही. उपाय एकच, दोन्ही टोकांना वेगवेगळं मुद्रण. बोलणं फोनवर किंवा इंटरनेटवर होऊ द्या, पण पाहुण्याचा आवाज त्याच्याच खोलीत दुसऱ्या फोनवर किंवा रेकॉर्डरवर साठवा आणि फाइल नंतर मागवा.

खोली लहान निवडायला सांगा, त्यात गादी, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट असलेलं बरं. मोकळ्या भिंती आवाज घुमवतात आणि घुमलेला आवाज नंतर काढता येत नाही. पंखा बंद, फ्रिजपासून दूर. मुद्रणाचा फोन विमान मोडवर, तोंडापासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर, थेट समोर न धरता किंचित बाजूला. समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा झोत माइकवर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. हेडफोन दोघांनीही लावलाच पाहिजे, नाहीतर तुमचा आवाज त्याच्या स्पीकरमधून त्याच्याच मुद्रणात शिरतो. मुद्रणाच्या सेटिंगमध्ये शक्य असेल तिथे वेव्ह फॉरमॅट (आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. मुद्रणाच्या पातळी-मापकावर आवाज वजा १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या, मोठं हसू वजा ६ पर्यंत जाईल. शून्याला टेकलं की आवाज फाटतो.

सुरुवातीला दोघांनी मिळून एक टाळी वाजवा, फाइली त्यावर जुळवता येतात. शेवटीही एक टाळी घ्या, ही बहुतेक जण विसरतात. दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. तासाभरात एक दशांश सेकंदाचा किंवा त्याहून जास्त फरक पडतो आणि शेवटी शेवटी उत्तर प्रश्नावर चढू लागतं. दोन टाळ्या असल्या की तो फरक मोजून फाइल तेवढी ताणता येते. मग अर्धा मिनिट दोघेही गप्प बसा. त्या खोलीची नुसती शांतता संपादनात सांधे बुजवायला लागते.

बोलताना ‘हं, बरोबर’ असं मध्ये मध्ये म्हणण्याची सवय मोडा. इंटरनेटवर आवाज उशिरा पोचतो, तुमचा हुंकार त्याच्या पुढच्या शब्दावर पडतो आणि तो थबकतो.

प्रश्न : बेचाळीस मिनिटांचं बोलणं चोवीस मिनिटांवर आणायचं आहे. काय कापावं, आणि उत्तरांचा क्रम बदलला तर चालतं का?

एकदा न कापता सलग ऐका. मग शब्द नाही, पूर्ण मुद्दे काढा. चार मुद्द्यांतला एक अख्खा गेला की दहा मिनिटं सुटतात आणि उरलेले तीन धडधाकट राहतात. त्यानंतर स्वतःचे प्रश्न छाटा, ते जवळजवळ नेहमी निम्मे होऊ शकतात.

क्रम बदलायला हरकत नाही, पण अर्थ आणि घटनांचा काळ जागेवर राहिला पाहिजे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावायचं नाही, इथे तडजोड नको.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्याचा शेवट छाटला की अर्थही जातो. ‘पण’, ‘कारण’, ‘म्हणून’ यांच्या आधी वाक्य पुरं झालेलं असतं, तिथे काप देता येतो. मात्र बोलणारा पुढचं सांगायच्या ओघात असतो, म्हणून सूर वर टांगलेला नाही ना, ते ऐका. टांगलेला असेल तर काप दुसरीकडे शोधा. पुढच्या वाक्याआधीचा श्वास ठेवा आणि काप श्वासाच्या आधी द्या. दोन श्वास लागोपाठ आले की सांधा लगेच ओळखू येतो. सांध्यावर दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढवणं) आणि खाली खोलीची शांतता पुरते. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ निम्मे काढा, सगळे काढले तर माणूस यंत्रासारखा वाटतो. अवघड प्रश्नानंतरची तीन सेकंदांची स्तब्धता मात्र मुळीच कापू नका, श्रोत्याला तिथे त्या माणसाचा विचार ऐकू येत असतो.

तयार फाइलची पातळी केंद्राला विचारूनच ठरवा. युरोपातल्या प्रसारकांचं प्रमाण वजा २३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आहे, इंटरनेटवरच्या श्राव्य कार्यक्रमांना साधारण वजा १६ ठेवतात. चुकीच्या पातळीवर दिलेली मुलाखत आधीच्या गाण्यापेक्षा हळू वाजते आणि श्रोता आवाज वाढवण्याऐवजी केंद्र बदलतो.

प्रक्षेपणाआधी पाहुण्याने संपूर्ण मुलाखत ऐकायला मागितली तर नम्रपणे नकार द्या. नावं, वर्षं आणि आकडे असलेली वाक्यं मात्र लिहून पाठवा आणि तेवढीच तपासून घ्या. चूक निघाली तर ते एक वाक्य त्याच माइकवर, त्याच खोलीत, तेवढ्याच अंतरावरून पुन्हा म्हणून घ्या. दुसऱ्या खोलीत म्हटलेलं वाक्य कितीही सफाईने बसवलं तरी वेगळं पडतं.